जिंकलेल्याने अपील कधी करायचं?

टेक्सस राज्यातल्या ह्यूस्टन शहरात जुलै 1988 मध्ये रॉबर्ट जेनिंग्ज नावाचा माणूस प्रौढांच्या पुस्तकांच्या एका दुकानात दरोडा घालायला शिरला. नेमका त्याच वेळी एक पोलीस अधिकारी दुकानातल्या नोकराला अटक करायला आला होता. जेनिंग्जने अधिकाऱ्यावर चार गोळ्या झाडल्या, दुकान लुटलं आणि पळ काढला. अधिकारी मरण पावला. गुन्हा कोणी केला याबद्दल पुढे फारसा वाद उरला नाही. जूरीने मृत्युदंड दिला आणि त्यानंतरची लढाई झाली ती शिक्षेवरून. तिचा एक तुकडा 2015 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला, तो मात्र अगदी रुक्ष वाटणाऱ्या प्रश्नावर. खालच्या कोर्टात जिंकलेल्या माणसाने वरच्या कोर्टात आपला निकाल सांभाळताना फेटाळलेला मुद्दा पुन्हा काढला, तर त्याला स्वतंत्र अपील करावं लागतं का, आणि त्या अपिलासाठी कोणाची परवानगी घ्यावी लागते का?

प्रश्न रुक्ष असला तरी उत्तरावर एक फाशी टांगलेली होती.

जेनिंग्जचं गाऱ्हाणं आपल्याच वकिलाबद्दल होतं. शिक्षा ठरवण्याच्या टप्प्यावर सरकारने त्याच्या जुन्या हिंसक गुन्ह्यांची जंत्री जूरीपुढे ठेवली. बचावाच्या वकिलाने बोलावला एकच साक्षीदार, तुरुंगातला धर्मगुरू. त्याने सांगितलं की हा माणूस सुधारतोय. मग वकील शेवटच्या भाषणाला उभे राहिले. तुम्ही मृत्युदंड दिलात तर मी त्यावर भांडू शकत नाही, अशा अर्थाचं काहीतरी बोलले आणि तरीही दया मागितली. राज्याच्या न्यायालयांत दाद लागली नाही, तेव्हा जेनिंग्ज केंद्रीय जिल्हा न्यायालयात हेबियस कॉर्पसची, म्हणजे बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका घेऊन गेला. त्याच्या तक्रारी तीन होत्या. आपलं हलाखीचं बालपण वकिलाने जूरीला सांगितलंच नाही, ही पहिली. आपली मंद बुद्धी आणि मेंदूला झालेली इजा यांचा पुरावा आणला नाही, ही दुसरी. आणि शेवटच्या भाषणात हात टेकले, ही तिसरी.

जिल्हा न्यायालयाने पहिल्या दोन मान्य केल्या, तिसरी फेटाळली. आदेश असा की 120 दिवसांत राज्याने शिक्षेची सुनावणी नव्याने घ्यावी किंवा मृत्युदंडाऐवजी कैदेची शिक्षा द्यावी, नाहीतर जेनिंग्जला सोडावं.

अपील केलं टेक्सस राज्याने. जेनिंग्ज उत्तरवादी. त्याने अपिली न्यायालयात तिन्ही तक्रारी मांडल्या. पाचव्या सर्किटच्या न्यायालयाने पहिल्या दोन मुद्द्यांवर निकाल फिरवला आणि तिसऱ्याला हातच लावला नाही. त्यांचं म्हणणं असं की हा मुद्दा तू खाली हरला होतास. तो इथे आणायचा तर मुदतीत स्वतःचं क्रॉस अपील दाखल करायला हवं होतं, आणि 1996 च्या कायद्याप्रमाणे कैद्याला अपील करण्याआधी जो परवानगीचा दाखला घ्यावा लागतो तोही घ्यायला हवा होता. राज्याला अपील करताना असा दाखला लागत नाही. म्हणजे जिंकलेल्या कैद्याने दाखल्यासाठी दार ठोठवायचं, आणि हरलेल्या राज्याने सरळ आत जायचं.

सर्वोच्च न्यायालयाने 14 जानेवारी 2015 रोजी 6 विरुद्ध 3 मतांनी हे उलटवलं. निकाल लिहिला न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांनी. मृत्युदंडाच्या कैद्यांबद्दल हळवे असल्याचा आरोप स्कॅलियांवर त्यांच्या शत्रूनेही केला नसता, म्हणून तर हा निकाल वाचण्यासारखा आहे. त्यांनी पाहिलं ते एवढंच: जिल्हा न्यायालयाच्या आदेशाने जेनिंग्जच्या पदरात काय पडलं? नवी सुनावणी, कमी शिक्षा किंवा सुटका, तीही ठरलेल्या मुदतीत. तिसरी तक्रार मान्य झाली असती तर वेगळं काय मिळालं असतं? काहीच नाही. मग तो वरच्या न्यायालयात जास्त काही मागत नव्हता. मिळालेलंच दुसऱ्या खांबावर उभं करू पाहत होता. त्याला क्रॉस अपील लागत नाही. आणि कायद्यातला दाखला ‘अपील करण्या’साठी आहे, जो अपीलच करत नाही, नुसता बचाव करतो, त्याच्याकडे तो कशाला मागायचा?

न्यायमूर्ती क्लॅरन्स थॉमस यांनी विरोधी मत लिहिलं, आणि ते उडवून लावण्यासारखं नाही. त्यांचा मुद्दा असा की पहिल्या दोन तक्रारींवर मिळालेली नवी सुनावणी म्हणजे त्या दोन चुका टाळून घ्यायची सुनावणी. तिसरी तक्रार मान्य झाली तर राज्यावर तिसरं बंधनही आलं असतं. म्हणजे पदरात थोडं जास्त पडलंच असतं, आणि जास्त मागणाऱ्याने क्रॉस अपील करावं हा तर सर्वांना मान्य नियम. स्कॅलियांचं उत्तर होतं की आदेशात अशी काही बंधनं लिहिलेली नाहीत. आदेश वाचायचा तो त्यात काय लिहिलंय त्यावरून, सोबतच्या कारणमीमांसेवरून नाही. मला स्कॅलियांची बाजू पटते, पण मुख्यतः व्यवहाराच्या कारणाने. थॉमस यांचा नियम लागू झाला असता तर प्रत्येक जिंकलेला पक्षकार प्रत्येक फेटाळलेल्या मुद्द्यावर धास्तीपोटी अपील टाकत बसला असता, आणि न्यायालयांची कपाटं जिंकलेल्यांच्याच अपिलांनी भरली असती.

पुढची गोष्टही सांगायला हवी. प्रकरण परत गेलं, पाचव्या सर्किटने तिसरा मुद्दा ऐकला आणि फेटाळला. 30 जानेवारी 2019 रोजी टेक्ससमध्ये जेनिंग्जचा मृत्युदंड अमलात आला. अमेरिकेतला त्या वर्षातला तो पहिला. मुद्दा मांडायचा हक्क मिळणं आणि मुद्दा जिंकणं यांत केवढं अंतर असतं, हे कोर्टाच्या वाऱ्या केलेल्या कोणालाही सांगावं लागत नाही.

स्कॅलियांनी ज्या नियमावर हात ठेवला तो नवा नव्हता. 1924 साली रेल्वे एक्स्प्रेस कंपनीच्या एका खटल्यात न्यायमूर्ती ब्रँडाइस यांनी तो मांडून ठेवला होता: उत्तरवादी खालच्या निकालाचं समर्थन दप्तरात असलेल्या कोणत्याही मुद्द्यावर करू शकतो, मग त्यात खालच्या न्यायाधीशांच्या कारणांवर टीका झाली तरी चालेल, पण क्रॉस अपील न करता स्वतःचा वाटा वाढवून किंवा समोरच्याचा कमी करून घेऊ शकत नाही. नियमाची दुसरी धार 2008 च्या ग्रीनलॉ खटल्यात दिसली. आरोपीला 442 महिन्यांची कैद झाली होती. कायद्याने ठरवलेली किमान शिक्षा न्यायाधीशांनी चुकून कमी धरली होती, पण सरकारने त्याविरुद्ध अपील केलं नाही. आरोपीने मात्र शिक्षा जास्त आहे म्हणून केलं. अपिली न्यायालयाने त्याचं अपील तर फेटाळलंच, वर चूक दुरुस्त करायची म्हणून आपल्या मनाने 15 वर्षं वाढवली. 442 चे 622 महिने. सर्वोच्च न्यायालयाने ही वाढ रद्द केली: ज्याने मागितलं नाही त्याला न्यायालयाने स्वतःहून द्यायचं नाही, खालच्या न्यायाधीशांची चूक कितीही उघड असली तरी.

आपल्याकडे हाच विचार 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत, आदेश 41 च्या नियम 22 मध्ये बसवलेला आहे. वकिलांच्या तोंडी ‘फोर्टी-वन ट्वेंटी-टू’. समजा, मुंबईतल्या एका घरमालकाने भाडेकरूला बाहेर काढण्यासाठी तीन कारणांवर दावा लावला: भाडं थकलं, जागा परस्पर दुसऱ्याला पोटभाड्याने दिली, आणि आपल्याला स्वतःला जागेची गरज आहे. लघुवाद न्यायालयाने गरजेचं कारण मानलं, बाकी दोन फेटाळली आणि ताबा देण्याचा हुकूमनामा केला. भाडेकरू अपिलात गेला. आता घरमालक अपिलात ‘गरज तर आहेच, पण पोटभाडेकरूचा मुद्दाही माझ्याच बाजूने लागायला हवा होता’ असं म्हणू शकतो. त्यासाठी त्याने काहीही दाखल केलेलं नसलं तरी. कारण मागणी तीच आहे: ताबा.

पण त्याने थकलेल्या भाड्यापोटी 1,80,000 रुपये मागितले होते आणि 60,000 मिळाले असतील, तर उरलेल्या रकमेसाठी नुसतं बोलून भागणार नाही. तिथे त्याने एकतर स्वतःचं अपील करायला हवं किंवा क्रॉस ऑब्जेक्शन, म्हणजे प्रति-आक्षेप दाखल करायला हवा.

हा प्रति-आक्षेप ही आपल्या संहितेने दिलेली मोठी सोय आहे. जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत 30 दिवस, उच्च न्यायालयात 90. अर्धंमुर्धं जिंकलेला पक्षकार पुष्कळदा विचार करतो, जाऊ दे, मिटलं एवढं बास झालं. मुदत संपते. आणि मग समोरच्याच्या अपिलाची नोटीस येते. अशा माणसाला कायदा दुसरी संधी देतो: अपिलाच्या सुनावणीच्या तारखेची नोटीस बजावल्यापासून एक महिना. तेवढ्यात प्रति-आक्षेप दिला तर कोणाची परवानगी लागत नाही, आपलं मूळ अपील का केलं नाही हेही सांगावं लागत नाही. महिना उलटून गेला तर मात्र न्यायालयाकडून वाढीव वेळ मागून घ्यावा लागतो, आणि तो देणं न देणं न्यायालयाच्या मर्जीवर. दिवाणी कामात परवानगीचा प्रश्न पहिल्यांदा उभा राहतो तो इथे. कोर्ट फीही अपिलासारखीच भरावी लागते. फुकटात कोणी जास्त मागू नये, असा हिशेब. एकदा दाखल झालेला प्रति-आक्षेप मग स्वतःच्या पायावर उभा असतो. समोरच्याने घाबरून मूळ अपील मागे घेतलं, तरी तो चालतोच. धरणाखाली किंवा औद्योगिक वसाहतीखाली जमीन गेलेल्या शेतकऱ्यांच्या प्रकरणांत हे हमेशा दिसतं: वाढीव मोबदल्याविरुद्ध सरकार उच्च न्यायालयात जातं, आणि ‘आम्हाला याहून जास्त मिळायला हवं होतं’ म्हणून शेतकऱ्याचा प्रति-आक्षेप त्याच फाइलमध्ये येतो.

1976 च्या दुरुस्तीने या नियमात आणखी एक भर घातली. हुकूमनामा पूर्ण आपल्या बाजूने असला तरी एखाद्या मुद्द्यावरचा निष्कर्ष विरुद्ध गेला असेल, तर तेवढ्यावरही प्रति-आक्षेप घेता येईल, अशी. त्यातून काही उच्च न्यायालयांनी असा अर्थ काढला की घेता येतो म्हणजे घ्यायलाच हवा, नाहीतर तो मुद्दा बोलायचा नाही. 1999 साली रवींदर कुमार शर्मा विरुद्ध आसाम राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा घोळ संपवला: निष्कर्षाविरुद्धचा प्रति-आक्षेप ऐच्छिक आहे. जेनिंग्जच्या निकालाआधी 16 वर्षं तेच उत्तर.

पण या नियमाची खरी परीक्षा अपघाताच्या नुकसानभरपाईत होते. 2011 साली रंजना प्रकाश प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे आलेली गुंतागुंत पाहा. अपघातात गेलेल्या माणसाच्या पगारावरून न्यायाधिकरणाने भरपाई काढली. विमा कंपनी अपिलात गेली: पगारातून प्राप्तिकर वजा केलाच नाही. बरोबर, वजा करायला हवा होता. पण त्याच हिशेबात न्यायाधिकरणाने मृताच्या पुढच्या पगारवाढीचाही विचार केला नव्हता, आणि ती चूक वारसांच्या विरुद्ध होती. वारसांनी अपील केलं नव्हतं. उच्च न्यायालयाने कर कापला आणि रक्कम खाली आणली. पगारवाढ धरली नाही. सर्वोच्च न्यायालयाने मूळ रक्कम परत दिली. वारस अपिलात न जाता न्यायाधिकरणाने दिलेल्या रकमेपेक्षा एक रुपयाही जास्त मागू शकत नाहीत, हे खरं. पण ती रक्कम वाचवण्यासाठी आपल्या विरुद्ध झालेली चूक दाखवू शकतात. कर कापायचा तर वाढही धरायची, आणि मग दोन्ही चुका एकमेकींना खातात. विमा कंपनीच्या अपिलाची नोटीस हातात पडलेल्या प्रत्येक कुटुंबाने वकिलाला हा निवाडा विचारावा.

अपिली न्यायालयाला आदेश 41 च्या नियम 33 खाली बरेच मोकळे अधिकार आहेत, अगदी अपील न केलेल्यालाही दाद देण्याचे. तेवढ्या भरवशावर मात्र कोणी बसू नये. बनारसी विरुद्ध रामफल (2003) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं आहे की हुकूमनाम्याचा जो भाग आव्हान न दिल्यामुळे अंतिम झाला, तो या नियमाच्या आधाराने सहसा फिरवता येत नाही.

आता परवानगीचा खरा मामला. वरच्या न्यायालयात जाणं हा जिथे हक्क आहे, तिथे प्रति-आक्षेपही हक्काने येतो. जिथे मुळात जाणंच न्यायालयाच्या मर्जीवर आहे, तिथे उत्तरवाद्यालाही तीच पायरी चढावी लागते. राज्यघटनेच्या कलम 136 खाली सर्वोच्च न्यायालयात जातो तो विशेष अनुमती याचिकेने, म्हणजे सगळ्यांच्या बोलण्यातल्या ‘एसएलपी’ने. तिथे समोरच्याला अनुमती मिळाली की तिच्या पाठीवर बसून आपलाही प्रति-आक्षेप आत नेता येईल का? मुंबई बंदराच्या जमिनींच्या भाडेवाढीचा मोठा वाद 2004 साली जमशेद होरमसजी वाडिया प्रकरणात सुटला, त्यात या प्रश्नाचं उत्तर नाही असं आलं. जास्त हवं असेल तर स्वतःची याचिका करा, स्वतःची अनुमती मिळवा. उलट नुसता निकाल सांभाळायचा असेल तर फेटाळलेला मुद्दा बोलायला परवानगी लागत नाही, हे तिथेही खरं आहे. गुजरातमधल्या एका निवडणूक वादात, रमणभाई पटेल प्रकरणात, घटनापीठाने ते 1960 च्या दशकातच सांगून ठेवलं.

इंग्लंडमध्ये आता बहुतेक दिवाणी अपिलांनाच परवानगी लागते, त्यामुळे तिथला नियम जास्त स्वच्छ लिहिलेला आहे. उत्तरवादी फक्त वेगळ्या कारणाने निकाल टिकवा म्हणत असेल तर त्याने तशी नोटीस दाखल करायची, परवानगी नको. निकाल बदला म्हणत असेल तर त्याच नोटिशीत परवानगी मागायची. फरक एवढाच की गप्प बसून ऐनवेळी मुद्दा काढता येत नाही. कारण वेगळं असलं तरी ते आधी कागदावर द्यावं लागतं. ही पद्धत आपण उचलायला हरकत नाही असं मला वाटतं. आपल्याकडे युक्तिवादाच्या दिवशी अचानक उगवणारा ‘फेटाळलेला मुद्दा’ पुष्कळ तारखा खातो.

फौजदारीत चित्र पार वेगळं. तिथे प्रति-आक्षेप नाहीच. ज्याला काही हवं त्याने स्वतःचं अपील करायचं. समजा सत्र न्यायालयाने आरोपीला खुनातून सोडलं आणि सदोष मनुष्यवधासाठी सात वर्षं दिली. आरोपी उच्च न्यायालयात गेला. सरकारला वाटतं की सात वर्षं कमी आहेत, तर शिक्षा वाढवण्याचं अपील परवानगीविना करता येतं. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 418. पण सरकारला वाटतं की हा खूनच आहे, तर ते खुनातून झालेल्या सुटकेविरुद्धचं अपील ठरतं, आणि त्याला कलम 419 प्रमाणे उच्च न्यायालयाची परवानगी लागते. एकच निकाल, एकच आरोपी, आणि काय मागता यावर परवानगी लागणार की नाही ते ठरतं.

पीडिताची गोष्ट तिसरीच. 2009 च्या दुरुस्तीने पीडिताला सुटकेविरुद्ध, कमी गंभीर गुन्ह्यात दोषी ठरवल्याविरुद्ध आणि अपुऱ्या भरपाईविरुद्ध अपिलाचा हक्क मिळाला. हा हक्क वापरायला परवानगी लागते की नाही यावर उच्च न्यायालयांत कित्येक वर्षं घोळ चालला. 2018 साली मल्लिकार्जुन कोडगली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने सांगितलं, लागत नाही. म्हणजे वरच्याच उदाहरणात, मृताच्या मुलाला जे अपील थेट करता येतं त्यासाठी सरकारला परवानगी मागावी लागते.

2025 मध्ये हा धागा चेक न वटण्याच्या खटल्यांपर्यंत गेला. खासगी फिर्याद करणाऱ्याला आरोपी सुटला तर तोपर्यंत उच्च न्यायालयाकडे विशेष परवानगी मागावी लागे. चेक न वटल्याने ज्याचं नुकसान झालं तो फिर्यादीही पीडितच, असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. त्यामुळे गडचिरोलीतल्या व्यापाऱ्याचा बुडवलेला चेक आणि सुटलेला आरोपी यांसाठी आधी नागपूर खंडपीठाचं दार ठोठवायची गरज उरली नाही. तो परवानगीविना, गडचिरोलीच्याच सत्र न्यायालयात अपील करू शकतो.